जप्त केलेले चामडे, मढवलेले शिंग : ‘पॅकिंग’च्या इतिहासाचा धागा

१.
इ.स. १७२१. प्रशियाच्या राज्यातील हाल्बरश्टाट नगर. न्यायालयापुढे पुराव्यादाखल दोन वस्तू मांडल्या होत्या. पहिली, आत भराव घातलेले चामड्याचे कृत्रिम शिश्न. त्याला डुकराच्या मूत्राशयापासून केलेल्या दोन पिशव्या जोडलेल्या, आणि अंगाला बांधण्यासाठी चामड्याचा पट्टा. दुसरी, चामड्याने मढवलेले पोकळ शिंग. या वस्तू बाळगणाऱ्या व्यक्तीचा त्याच वर्षी तलवारीने शिरच्छेद करण्यात आला. आजचा धागा या दोन वस्तूंचा आणि त्यांच्या आगेमागे उभ्या असलेल्या एका दीर्घ इतिहासाचा आहे.

२.
आधी संज्ञा स्पष्ट करून घेऊ. जन्माच्या वेळी मुलगी म्हणून नोंद झालेल्या, परंतु स्वतःची ओळख पुरुष अशी किंवा पुरुषत्वाच्या जवळची मानणाऱ्या व्यक्तींना आज ट्रान्समॅस्क्युलिन म्हणतात. स्त्री आणि पुरुष या दोन्ही चौकटींत न मावणाऱ्या व्यक्ती स्वतःला नॉनबायनरी म्हणवतात. यांपैकी अनेक जण अंतर्वस्त्रात पुढच्या बाजूस मोजा, कापडाची घडी किंवा सिलिकोनची वस्तू ठेवून तेथे पुरुषी आकार आणतात. या रीतीला ‘पॅकिंग’ आणि त्या वस्तूला ‘पॅकर’ असे नाव आहे.

३.
कारणे एकच नसतात. कुणाला पँट अंगावर नीट बसावी असे वाटते. कुणाला रस्त्यावर वा सार्वजनिक स्वच्छतागृहात संशयी नजरा टाळायच्या असतात. कुणाला कुणीही पाहत नसताना आपल्या देहाशी जुळल्याचे समाधान मिळते. काही जण रोज पॅकिंग करतात, काही एखाद्या दिवशी, काही कधीच नाही. शस्त्रक्रिया नाही, औषध नाही. ही केवळ नेसण्याची एक रीत आहे. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण इतिहासातील न्यायाधीशांना नेमकी हीच दिसली नाही.

४.
आता एक गंमत पाहू. कपड्यांत भराव घालून पुरुषत्व ‘दाखवणे’ हा खुद्द पुरुषांचाच जुना उद्योग होय. पंधराव्या शतकात युरोपात पुरुषांचे अंगरखे इतके आखूड झाले की पायांच्या दोन स्वतंत्र विजारींमधली फट झाकण्यासाठी कापडाचा एक तुकडा लावावा लागे. तो ‘कॉडपीस’. सोळाव्या शतकात या तुकड्याला भराव, भरतकाम आणि भलताच फुगीर आकार लाभला. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्या लंडन टॉवरमधील चिलखतालाही असा भरभक्कम पोलादी कॉडपीस आहे.

५.
तात्पर्य, भराव घालणे हा स्वतः गुन्हा नव्हता. राजाने घातला तर तो दरबारी थाट ठरे. दुसऱ्या कुणी घातला तर तीच गोष्ट फसवणूक ठरे. भराव कुणाच्या अंगावर आहे, यावर सारे अवलंबून होते. हे सूत्र हाती धरून आपण ऱ्हाईन नदीच्या काठी जाऊ.

६.
श्पायर, इ.स. १४७७. मूळची न्यूरेनबर्गची असलेली एक व्यक्ती या नगरात पुरुषवेषात राहत होती. सोबत एक स्त्री होती. ती आपली बहीण आहे, असे लोकांना सांगितले गेले होते. पुढे खटला उभा राहिला. दप्तरात आरोपीचे नाव आहे कातारिना हेट्झेलडोर्फर. जबाबात एका साधनाचे बारकाईने वर्णन येते : तांबडे चामडे, पुढच्या भागात कापसाचा भराव, आत खोवलेली लाकडी काठी, काठीला छिद्र आणि त्यातून ओवून अंगाला बांधायची दोरी. निकाल लागला, आणि हेट्झेलडोर्फरला ऱ्हाईनमध्ये बुडवून मारण्यात आले.

७.
त्या वर्णनाकडे पुन्हा पाहा. चामडे, कापूस, लाकूड, दोरी. चांभाराच्या, पिंजाऱ्याच्या आणि सुताराच्या घरी सहज मिळणाऱ्या गोष्टी. कुठल्याही बाजारात अशी वस्तू तयार मिळत नव्हती. ती स्वतःच्या डोक्याने आणि हाताने घडवलेली होती. पाच शतकांपूर्वीच्या या कारागिरीची माहिती आज आपल्याला आहे, ती केवळ कारागिराला देहदंड झाला म्हणून. हे वाक्य कठोर आहे, परंतु या विषयाच्या साधनांचा स्वभावच तसा आहे.

८.
येथे मराठीत लिहिणाऱ्यापुढे एक पेच उभा राहतो. इंग्रजीत सर्वनाम टाळले की काम भागते. मराठीत क्रियापदच चुगली करते : ‘तो आला’, ‘ती आली’. वर मी ‘व्यक्ती’ हा शब्द वापरला, तर तोही व्याकरणाने स्त्रीलिंगी! मग ‘त्यांनी सांगितले’ यासारख्या रचनांचा आडोसा घ्यावा लागतो. हा खेळ केवळ व्याकरणाचा नाही. हेट्झेलडोर्फर स्वतःला कोणत्या नावाने हाक मारून घेत असतील, हे दप्तर सांगत नाही. आपल्या हाती उरते ते न्यायालयाने लिहिलेले नाव.

९.
हाल्बरश्टाटच्या खटल्यात मात्र दोन्ही नावे उरली आहेत. जन्म १६८७, गाव गेहोफेन, बाप्तिस्म्याचे नाव कातारिना मार्गारेटा लिंक. बालपण हाले येथील अनाथालयात. पुढे पुरुषवेष धारण केल्यावर घेतलेले नाव : आनास्टासिउस लाग्रांटिनुस रोझेनस्टेंगेल. मी पुढे एक नियम पाळणार आहे. ज्या काळात ते रोझेनस्टेंगेल म्हणून वावरले त्या काळाबद्दल लिहिताना पुल्लिंग वापरेन. न्यायालयाची भाषा सांगताना न्यायालयाचे शब्द ठेवेन.

१०.
रोझेनस्टेंगेल यांचे आयुष्य कादंबरीलाही जड जावे असे आहे. काही काळ ते एका भाविक पंथाच्या मेळ्यासोबत हिंडले. मग निरनिराळ्या राज्यांच्या फौजांत शिपाईगिरी केली. हॅनोव्हरच्या फौजेतून पळाल्याबद्दल त्यांना फाशीची शिक्षा झाली होती. आपला देह स्त्रीचा आहे हे उघड केल्यावर ती टळली. एकदा देहाची ओळख सांगितल्याने जीव वाचला. पुढे तीच ओळख उघडी पडल्याने जीव गेला.

११.
१७१७ साली हाल्बरश्टाटमध्ये त्यांचा विवाह कातारिना मार्गारेटा म्यूलहान हिच्याशी झाला. संसार ओढगस्तीचा होता. सासूबाईंना जावयाविषयी संशय होता. अखेरीस त्यांनी एका शेजारणीला सोबत घेतले, जावयाची तलवार हिसकावली, त्यांची विजार फाडली आणि आत बांधलेली वस्तू ताब्यात घेतली. धाग्याच्या आरंभी ज्या वस्तू पाहिल्या, त्या अशा रीतीने न्यायालयात पोहोचल्या.

१२.
खटल्याच्या कागदपत्रांत सर्वाधिक शाई खर्च झाली आहे ती चामड्याच्या वस्तूवर, आणि तीही शय्यागृहातील तिच्या वापरावर. शिंगाचा उल्लेख मात्र ओझरता येतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने थांबावे ते येथे. ते शिंग कशासाठी होते? उभे राहून लघवी करण्यासाठी. ते उघड्या अंगाला बांधलेले असे.

१३.
शिपायाच्या आयुष्याची कल्पना करा. छावणी, कूच, खंदक. आडोसा कुठेच नाही. शेकडो पुरुषांमध्ये जो बसून लघवी करील, तो त्याच दिवशी पकडला जाईल. त्या शिंगाचा कामवासनेशी काहीही संबंध नव्हता. ते दिवसातून अनेकदा लागणारे, अगदी साधे, जीव वाचवणारे अवजार होते. आज उभे राहून लघवी करता येईल असे सिलिकोनचे पॅकर मिळतात. शिंग आणि सिलिकोन यांच्यात ३०० वर्षांचे अंतर आहे. गरज मात्र तीच आहे.

१४.
आता कायद्याची बाजू. १५३२ सालच्या ‘कॅरोलिना’ या साम्राज्याच्या दंडसंहितेतील ११६ वे कलम ‘निसर्गविरुद्ध’ संगाला जाळून मारण्याची शिक्षा सांगत होते, आणि त्यात स्त्रीने स्त्रीशी केलेला संगही गणला होता. तरीही रोझेनस्टेंगेल यांच्या प्रकरणात न्यायपंडितांचे एकमत होईना. निर्जीव चामड्याने केलेली कृती त्या गुन्ह्यात मोडते का? की फटके आणि कारावास पुरेसा? अखेर प्रकरण राजा पहिला फ्रीडरिख विल्हेल्म याच्यापर्यंत गेले आणि शिरच्छेदाचा निर्णय कायम झाला. पत्नीला तीन वर्षांचा कारावास आणि त्यानंतर हद्दपारी.

१५.
म्हणजे पाहा, एका माणसाचे जगणे-मरणे कशावर येऊन ठेपले होते, तर चामड्याचा तुकडा शरीराचा अवयव मानावा की मानू नये या वादावर. जी वस्तू एका व्यक्तीने वर्षानुवर्षे अंगावर, कपड्यांसारखी, सवयीने वागवली, तिला न्यायालयाने ‘हत्यार’ म्हणून तपासले. वस्तू तीच होती, पण तिच्याकडे पाहणारे डोळे आणि तिच्यावर लिहिणारे हात दुसऱ्यांचे होते.

१६.
त्याच दप्तरात आरोपीच्या तोंडचे एक विधान नोंदले गेले आहे. त्याचा आशय असा : मला नाहीसे केले, तरी माझ्यासारखे इतर उरतीलच. फिर्याद, जबाब आणि दंडसंहितेच्या त्या ढिगाऱ्यात हे एक वाक्य निराळे उभे राहते. ‘माझ्यासारखे’ या शब्दाचा अर्थ काय? त्या काळी ट्रान्स ही संज्ञा नव्हती, लेस्बियन ही संज्ञा आजच्या अर्थाने नव्हती. तरीही आपल्यासारखी आणखी माणसे आहेत, हे ठाऊक असणारे कुणीतरी १७२१ साली होते.

१७.
म्हणून एक सावधगिरी. रोझेनस्टेंगेल ‘ट्रान्स पुरुष’ होते, असे छातीठोकपणे म्हणणे अभ्यासाला धरून नाही. ‘ती पुरुषवेषातील स्त्रीच होती’ असे म्हणणेही तितकेच घाईचे आहे. काही अभ्यासक हा खटला समलैंगिक स्त्रियांच्या इतिहासात वाचतात, काही ट्रान्स इतिहासात. माझ्या मते आपण ओळखीचे शिक्के थोडे बाजूला ठेवून आचाराकडे पाहावे. अंगावर काय बांधले, केव्हा, किती काळ, कशासाठी? या प्रश्नांची उत्तरे आपल्याला खरोखरच देता येतात.

१८.
पुढचा मुक्काम इंग्लंड, इ.स. १७४६. चार्ल्स हॅमिल्टन नावाने वैदूगिरी करणाऱ्या व्यक्तीने वेल्स येथे मेरी प्राइस हिच्याशी लग्न केले. काही आठवड्यांतच पत्नीने तक्रार केली. न्यायालयाने सहा महिने कैद आणि चार गावांत भर चौकात फटके, अशी शिक्षा सुनावली. कलम लावले ते उनाडपणाविरुद्धच्या कायद्याचे! जे घडले त्याला नाव द्यायला इंग्लिश कायद्याकडे दुसरा शब्दच नव्हता.

१९.
त्याच वर्षी हेन्री फील्डिंग या नामवंत लेखकाने ‘द फीमेल हजबंड’ ही पुस्तिका छापली. तिच्यात कल्पनेचाच भाग मोठा. त्या कथेत आरोपीच्या पेटीत एक वस्तू सापडते. लेखक मात्र तिचे नाव घेणेही शिष्टाचाराला सोडून होईल, अशा थाटात ती झाकून ठेवतो. श्पायरच्या दप्तरात कापूस आणि काठीपर्यंत मोजलेली वस्तू येथे अनुच्चारणीय झाली. दोन्हीकडे एक गोष्ट समान आहे : वापरणाऱ्याचे म्हणणे कुठेच नाही.

२०.
आता या साऱ्या साधनांतील सर्वांत मोठी फट पाहू. आपल्याला कोण माहीत आहेत? जे पकडले गेले ते. ज्यांची वस्तू कधी निसटली नाही, ज्यांच्या सासूने विजार फाडली नाही, जे म्हातारे होऊन अंथरुणावर शांतपणे गेले, त्यांचे पॅकिंग यशस्वी झाले. यशस्वी पॅकिंगचा पुरावा मागे राहत नाही. दप्तरात जमा होते ते अपयश. म्हणून तीन-चार खटले पाहून ‘अशी माणसे तीन-चारच होती’ असा निष्कर्ष काढणे ही साधनांची थट्टा ठरेल.

२१.
विसाव्या शतकाच्या आरंभी चित्र पालटू लागले. बर्लिनचे डॉक्टर माग्नुस हिर्शफेल्ड यांनी १९१० मध्ये वेषांतर करणाऱ्या व्यक्तींवर ग्रंथ लिहिला आणि त्यांच्या स्वतःच्या कथनांना त्यात जागा दिली. १९१९ मध्ये त्यांनी लैंगिकविज्ञानाची संस्था उभारली. मे १९३३ मध्ये नाझी समर्थकांनी ती लुटली आणि तेथील ग्रंथ बर्लिनच्या चौकात जाळले. आरोपीच्या पिंजऱ्याबाहेर गोळा होऊ लागलेल्या साक्षी अशा रीतीने पुन्हा राखेत गेल्या.

२२.
लेखणी खऱ्या अर्थाने हातबदल झाली ती अमेरिकेत. लू सुलिव्हन, जन्म १९५१, मिलवॉकी. जन्मनोंद मुलगी म्हणून. पुढे सॅन फ्रान्सिस्कोत पुरुष म्हणून जगू लागले. त्यांना पुरुषांचेच आकर्षण होते, आणि ‘समलिंगी ट्रान्स पुरुष’ ही कल्पनाच न मानणाऱ्या तज्ज्ञांनी त्यांना उपचार नाकारले. १९८० मध्ये सुलिव्हन यांनी आपल्यासारख्यांसाठी एक माहितीपुस्तिका लिहिली. कपडे कसे निवडावेत, छाती सपाट कशी ठेवावी, पँटच्या पुढच्या भागाला आकार कसा द्यावा, अशा व्यावहारिक गोष्टी तिच्यात होत्या.

२३.
हा क्षण इतिहासकाराच्या नजरेने पाहा. १४७७ मध्ये ‘चामडे, कापूस, काठी, दोरी’ ही यादी न्यायालयाच्या लेखनिकाने गुन्ह्याचा पुरावा म्हणून लिहिली. १९८० मध्ये जवळजवळ तशीच यादी त्या वस्तू वापरणाऱ्या माणसाने दुसऱ्या वापरणाऱ्यासाठी लिहिली. पहिल्या यादीचा शेवट नदीत झाला. दुसरी यादी हातोहात फिरली आणि तिच्या पुढच्या आवृत्त्या निघाल्या.

२४.
सुलिव्हन एवढ्यावर थांबले नाहीत. १९८६ मध्ये त्यांनी ट्रान्स पुरुषांचा आधारगट सुरू केला. सॅन फ्रान्सिस्कोतील समलिंगी इतिहास संस्थेच्या संस्थापकांत ते होते. जॅक बी गारलँड या पुरुष म्हणून जगलेल्या पत्रकाराचे चरित्र त्यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केले. एड्सने मार्च १९९१ मध्ये, चाळिशी गाठण्याआधीच, त्यांचे निधन झाले. मागे राहिल्या त्यांच्या रोजनिश्या. न्यायालयाच्या दप्तराला पर्यायी दप्तर उभे करणे म्हणजे काय, याचा हा वस्तुपाठ होय.

२५.
त्यानंतर वैद्यकानेही आपली भाषा बदलली. ट्रान्स आरोग्यसेवेची आंतरराष्ट्रीय मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांची सातवी आवृत्ती २०१२ मध्ये छापली गेली. तिच्यात छाती बांधणे आणि कृत्रिम शिश्न वापरणे यांचा उल्लेख देह आणि ओळख यांतील ताण हलका करणारे उपाय म्हणून येतो. १७२१ मध्ये ज्या वस्तूने शिर गेले, तिची नोंद २०१२ मध्ये आरोग्याच्या वहीत झाली.

२६.
आपल्याकडचा एक धागा येथे येऊन मिळतो. १५ एप्रिल २०१४ रोजी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने नाल्सा खटल्यात निकाल दिला : आपली लिंगओळख ठरवण्याचा अधिकार व्यक्तीचा स्वतःचा आहे, आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालणे अनैतिक व बेकायदेशीर आहे. हाल्बरश्टाटचे न्यायालय विजारीच्या आत काय आहे, ते पाहून माणूस कोण ते ठरवत होते. दिल्लीच्या न्यायालयाने माणसाला विचारा, असे सांगितले. या दोन निकालांमध्ये २९३ वर्षे आहेत. तरी पहिली सवय समाजातून पुरती गेलेली नाही, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

२७.
शेवटी पद्धतीविषयी दोन शब्द. जुने खटले वाचताना आपण नकळत न्यायाधीशाच्या खुर्चीत बसतो, कारण कागद त्याच खुर्चीतून लिहिलेला असतो. तेथून उठायचे असेल, तर दप्तराने ज्याकडे दुर्लक्ष केले त्या वस्तूकडे पाहावे. हाल्बरश्टाटच्या दप्तरात ती वस्तू म्हणजे ते शिंग. चामड्याच्या वस्तूवर न्यायपंडितांनी पानेच्या पाने खर्च केली. शिंगावर वाद घालण्याजोगे त्यांना काही दिसले नाही; आणि रोझेनस्टेंगेल यांचा रोजचा दिवस कसा जात असेल, ते मात्र आपल्याला तेच सांगते.

२८.
धागा दीर्घ झाला. प्रश्न, दुरुस्त्या आणि भर घालण्याजोगी माहिती खाली अवश्य लिहा. एक विनंती : हा विषय काही वाचकांच्या स्वतःच्या जगण्याचा आहे, याची जाण ठेवून लिहा. रोझेनस्टेंगेल यांनी न्यायालयात सांगितले होतेच, माझ्यासारखे इतर उरतील म्हणून. ते उरले आहेत, आणि त्यांतले काही हा धागा वाचत असतील.